वळण

माझा घोड्याशी आजवर दोनच ठिकाणी संबंध आला होता. एकदा माथेरानला, तेव्हा मी वर बसले होते आणि घोडा घोडेवाल्याचे ऐकत होता. आणि दरवर्षी वर्गात, बखरी शिकवताना. २०२३ च्या मे महिन्यात मी टेक्सासला भावाकडे गेले, तेव्हा सोळा वर्षांच्या भाचीने विमानतळावरच विचारले, "आत्या, तू घोड्यांचं काहीतरी शिकवतेस ना?" मी नुसतीच हसले. ते हसणे पुढे तीन आठवडे मला चांगलेच भोवले.

भाऊ राहतो फोर्ट वर्थच्या पश्चिमेला, वेदरफर्डजवळ. तो मुलूखच घोड्यांचा. भाचीने सुट्टीत कामे करून साठवलेले पैसे आणि बापाकडून उसने घेतलेले, असे एकत्र करून पाच वर्षांची एक तांबडी घोडी घेतली होती. नाव ठेवले मिरची. तिला पळवायचे होते पिंपांच्या शर्यतीत.

ही शर्यत म्हणजे मैदानात त्रिकोणात मांडलेली तीन पिंपे. दोनशे लिटर तेलाचे असते ना, तसलेच पत्र्याचे पिंप. पहिल्या दोहोंत ९० फूट अंतर, तिसरे त्या प्रत्येकापासून १०५ फुटांवर. भरधाव यायचे, पहिल्याला उजवीकडून वळसा, मग दुसऱ्याला आणि तिसऱ्याला डावीकडून, आणि सुसाट परत. पिंप पडले की वेळेत पाच सेकंदांची भर. सगळा खेळ सतरा-अठरा सेकंदांचा असल्यामुळे पाच सेकंद म्हणजे घरी जाणेच.

मिरची पहिले पिंप झकास घ्यायची. दुसऱ्यापाशी आली की डावा खांदा आत टाकायची आणि पिंप आडवे. मार्चमध्ये तर तिथेच तिचा पाय घसरला, दोघी पडल्या, आणि भाचीच्या गळ्याच्या हाडाला चीर गेली. हाड जुळले. पण भावाने सांगून टाकले, "जूनअखेर घोडी वळली नाही, तर विकायची." वहिनी काहीच बोलायची नाही. मुलगी घोडीवर बसली की ती स्वयंपाकघरात जाऊन खिडकीकडे पाठ करून उभी राहायची.

शेजारच्या मळ्यावर सत्तरीच्या एक बाई घोडी शिकवीत. त्या आल्या आणि घोडीवर कुणाला बसूच देईनात. आधी जनावरांच्या डॉक्टरांना बोलवा, म्हणाल्या. या वयात घोड्याचे दुधाचे शेवटचे दात पडत असतात. तोंड दुखत असेल तर ते लगाम मानणार कसे? डॉक्टरांनी पाठ पाहिली, मागचे सांधे वाकवून पाहिले. डावीकडच्या दाढेला धारदार कड आली होती, ती कानशीने घासली. आम्हाला वाटले, सापडला चोर! तोंड बरे झाल्यावर भाचीने घोडी पळवली. दुसरे पिंप आडवे.

मग बाईंनी लांब दोर लावून घोडीला रिंगणात फिरवायला घेतले, आणि मी कुंपणावर ताठ बसले. याला आपल्याकडे 'कावा' म्हणतात! मोल्सवर्थच्या कोशात हा अर्थ दिलेला आहे. अठरा वर्षे मी मुलांना 'कावा' म्हणजे डावपेच एवढेच सांगत आले. ते वर्तुळ काही कधी डोळ्यांसमोर उभे राहिले नव्हते.

त्या वर्तुळात बाईंनी दोष दाखवला. घोडा डावीकडे वळताना पुढचा डावा पाय आघाडीला हवा. मिरची पहिल्या पिंपाला उजवा पाय पुढे टाकी आणि दुसऱ्याला तोच ठेवून जाई. दुसरा दोष घोडीचा नव्हताच. पिंप जवळ आले की भाची त्याच्याकडेच बघे, आत झुकत असे आणि भीतीने डावी वादी खेचत असे. त्याने मान वळते, पण खांदा सरळ पिंपावर जातो. "तुला वाटतं तू वळवतेस," बाई म्हणाल्या, "तू तर तिला पिंपावर ढकलतेस."

पोरीचा चेहरा उतरला. तबेल्याच्या दारावर तिच्या दैवताचे चित्र होते : चारमेन जेम्स आणि तिचा घोडा स्कॅम्पर. १९८४ ते १९९३, सलग दहा वर्षे त्यांनी जगज्जेतेपद राखले. १९८५ च्या अंतिम स्पर्धेत तर ऐन धावेत लगाम निसटला, तरी घोड्याने वळणे घेतली आणि फेरी जिंकली. बाईंनी चित्राकडे बोट केले. "तिथे खेचायला वादी होती का?"

मग सुरू झाले ते पाहायला फारच कंटाळवाणे. निव्वळ चालत जायचे. पिंपाच्या अलीकडे थांबायचे, एक पाऊल मागे घ्यायचे, आणि पाच-सहा फूट जागा सोडून फिरायचे. मांड खोल, आतली टाच बरगडीशी, बाहेरची वादी हातात राखून ठेवलेली, आणि नजर पिंपाच्या पलीकडे, जिथून बाहेर पडायचे तिथे. जमले की दुडकी. पहिल्या-दुसऱ्या पिंपामध्ये चौखूर मोडून दुडकीवर आणायचे आणि डावा पाय पुढे घ्यायला लावायचे. दोन आठवडे पळणे बंद. बाप घड्याळ बघायचा, मुलगी चिडायची, एकदा तर रडली. मी आपली कुंपणावर. आमच्याकडे अक्षराला वळण लावतात तेही असेच, सावकाश आणि चिडचिडीने.

निघायच्या आदल्या संध्याकाळी बाईंनी सैल चौखूर सोडायला सांगितले. पहिले पिंप. दुसरे. मिरचीने मागचे पाय अंगाखाली घेतले आणि जणू दोरीवर फिरावी तशी फिरली. पिंप जागचे हलले नाही.

"किती लागले?" भावाने विचारले.

"बघितलंच नाही," भाची म्हणाली.

जुलैत भावाचा फोन आला. घोडी विकलेली नव्हती. गावच्या शर्यतीत ती चौदावी आली होती. तिन्ही पिंपे उभी. वहिनी पाहायला गेली होती, आणि म्हणे दुसऱ्या पिंपापाशी तिने डोळे मिटले नाहीत.