ऐकून शिकलं तर बिघडलं कुठं?

ग्रामीण भागातल्या मुलांच्या शिक्षणाचा २०२४ सालचा ‘असर’ अहवाल आला, तेव्हा त्यातल्या मोबाइलच्या आकड्यांची बरीच चर्चा झाली. फोन वापरणाऱ्या १४ ते १६ वयाच्या मुलांपैकी सुमारे ७६ टक्के मुलांनी आदल्या आठवड्यात तो सोशल मीडियासाठी वापरला होता. अभ्यासासाठी वापरणारी होती ५७ टक्के. ‘मोबाइलनं पोरं वाया गेली’ असं आपण म्हणतो, त्यात तथ्य आहेच. पण त्याच मोबाइलमध्ये अशी एक सोय आहे, जिच्यामुळे काही मुलं वाया जाण्यापासून वाचू शकतात. पुस्तकाचं पान समोर धरलं की फोन ते मोठ्यानं वाचून दाखवतो. मराठीतसुद्धा!

ही सोय कुणाच्या कामाची? ज्या मुलाला ऐकलेलं सगळं समजतं, पण छापलेलं वाचता येत नाही, त्याच्या. ‘घ’ आणि ‘ध’, ‘भ’ आणि ‘म’ यांत गोंधळ होतो. वेलांटी कुठली पहिली, कुठली दुसरी ते ध्यानात राहत नाही. जोडाक्षर आलं की गाडी अडते. ओळीच्या शेवटी पोहोचेपर्यंत सुरुवात विसरलेली असते. याला डिस्लेक्सिया म्हणतात. डिसेंबर २००७ मध्ये ‘तारे जमीं पर’ आला आणि हा शब्द घरोघरी पोहोचला. आपण सगळ्याजणी डोळे पुसत बाहेर आलो. पण आपल्याच वर्गात, आपल्याच गल्लीत असं मूल असेल, हे मात्र मनावर घेतलं नाही.

आमच्या महिला मंडळाच्या अभ्यासवर्गात सातवीतली एक मुलगी यायची. इतिहासाचा धडा कुणी वाचून दाखवला, की प्रश्नांची उत्तरं धडाधड द्यायची. तेच पुस्तक तिच्या हातात दिलं, की मान खाली. घरी ठरलेलं होतं, ‘हिला डोकं नाही, आठवीनंतर घरकाम शिकू दे.’ मुलगा असता तर शिकवणी लावली असती. मुलीच्या बाबतीत निर्णय किती पटकन होतो बघा! तिच्या आईच्याच फोनवर आम्ही तिला धडे ऐकायला शिकवलं. सहामाहीला तोंडी परीक्षेत ती चमकली. पण शाळेतून उत्तर आलं, ‘घरी काय ऐकायचं ते ऐका, इथे वाचावंच लागेल.’

खरी गाठ इथंच आहे. यंत्र महाग होतं तेव्हा आपण म्हणायचो, परवडत नाही. १९७६ साली अमेरिकेत रेमंड कुर्झवाइल यांनी छापील मजकूर वाचून दाखवणारं पहिलं यंत्र आणलं. त्याची किंमत होती सुमारे ५० हजार डॉलर. पुढे २००६ साली ऑस्ट्रेलियातल्या मायकेल करन या अंध तरुणानं संगणकाचा पडदा वाचून दाखवणाऱ्या ‘एनव्हीडीए’ची सुरुवात केली आणि तो जगाला फुकट दिला. आज साध्या अँड्रॉइड फोनच्या सेटिंगमध्ये ‘अॅक्सेसिबिलिटी’खाली ‘सिलेक्ट टू स्पीक’ मिळतं. फोनच्या कंपनीप्रमाणे नाव थोडं इकडेतिकडे होईल. वेग कमी करता येतो. मराठी आवाज एकदा उतरवून घेतला, की तो इंटरनेट नसतानाही चालतो. वेगळा खर्च शून्य!

मग अडतं कुठं? तर आपल्या मनात. ऐकून अभ्यास करणं म्हणजे लबाडी, असं आपल्याला वाटतं. चष्मा लावून वाचणाऱ्याला आपण लबाड म्हणतो का? ज्या देशात पिढ्यान्‌पिढ्या बायकांनी ओव्या, कहाण्या, कीर्तनं ऐकूनच ज्ञान जपलं, तिथे कानानं शिकण्याला कमी का लेखावं?

अर्थात ही काही जादूची कांडी नाही. यावर झालेल्या अनेक अभ्यासांचा एकत्र आढावा अमेरिकेतल्या संशोधकांनी २०१८ मध्ये घेतला. ऐकल्यानं समजायला मदत होते, पण ती माफक, असं त्यांना दिसलं. म्हणून अक्षरओळख शिकवणं सोडायचं नाही. ऐकताना बोट ओळीवर फिरवायला लावायचं. शिवाय यंत्र चुकतंही. ‘जग’ म्हणजे दुनिया आणि ‘जग’ म्हणजे जगणं, यांचे उच्चार वेगळे, हे आपल्याला कळतं, त्याची गफलत होते. जुन्या पद्धतीच्या फाँटमधली पीडीएफ असेल तर नुसतं अगम्य बडबडतं. अशा वेळी पानाचा फोटो काढून वाचून घ्यावं. आणि वाचता न येणारं प्रत्येक मूल डिस्लेक्सियाचं नसतं. आधी डोळे, कान तपासा. शाळा किती बुडली तेही बघा.

कायदा मात्र मुलांच्या बाजूनं आहे. १९९५ च्या अपंग व्यक्ती कायद्यात ही अडचण नव्हतीच. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात ती आली. अशी मुलं लवकरात लवकर ओळखून त्यांच्यासाठी योग्य उपाय करावेत, असं त्यातलं १६ वं कलम शाळांना सांगतं. महाराष्ट्रानं तर परीक्षेतल्या सवलती १९९६ पासूनच द्यायला सुरुवात केली. सीबीएसईनं २०१८ मध्ये विशेष गरजा असलेल्या मुलांना परीक्षेत संगणकावर प्रश्न ऐकायची मुभा दिली. म्हणजे ‘परीक्षेत चालत नाही’ हे काही ब्रह्मवाक्य नव्हे. सवलतीसाठी प्रमाणपत्र लागतं. त्यासाठी मोठ्या शहरातल्या रुग्णालयाच्या खेपा घालायच्या, मजुरी बुडवायची, हे लहान गावातल्या आईला जड जातं. तपासणीची सोय जिल्ह्याच्या ठिकाणी हवी, ही मागणी आपण केली पाहिजे.

ती कुठे करायची? शिक्षण हक्क कायदा, २००९ नुसार सरकारी आणि अनुदानित शाळांच्या व्यवस्थापन समितीत निम्म्या जागा बायकांच्या आहेत. त्या खुर्चीवर बसून आपण नुसती सही करून येतो. पुढच्या बैठकीत दोन प्रश्न विचारा. आपल्या शाळेत तिसरी-चौथीनंतरही वाचता न येणारी मुलं किती, आणि त्यांची तपासणी झाली का? वर्गात त्यांना धडा ऐकायची परवानगी आहे का?

पहिल्या प्रश्नाला थोडी मेहनत लागेल. दुसऱ्याला फक्त ‘हो’ म्हणायचं आहे. त्या एका ‘हो’वर कुणाची तरी आठवी, नववी, दहावी अवलंबून आहे.