उन्हं चढायच्या आत माथा

मे महिना डोंगराचा नव्हे, असं म्हणणाऱ्यांशी माझं पटत नाही. रोहिणी नक्षत्र लागायच्या आसपासचे दिवस म्हणजे कातळावर हात टाकायला वर्षातले सगळ्यांत चांगले दिवस. शेवाळ पार वाळून गेलेलं असतं, खोबणीत पाणी नसतं, बूट जिथे ठेवावा तिथे राहतो. वाटेत करवंदं आणि जांभळं असतात. मृगाचा पाऊस लागला की याच कातळातल्या नाळांचे धबधबे होतात आणि मग दिवाळीपर्यंत त्यांच्याकडे फिरकू नये. त्यामुळे मेमध्ये घरी बसा, असं मी कुणाला सांगणार नाही. माझी तक्रार आहे ती वेळापत्रकाबद्दल.

मुंबई-पुण्याहून निघणाऱ्या अनेक व्यावसायिक ट्रेकचं वेळापत्रक डिसेंबरात जे असतं, तेच मेमध्ये असतं. शुक्रवारी रात्री गाडी सुटते, पहाटे पायथ्याच्या गावात पोचते. कुणाच्या तरी पडवीत तासभर पाठ टेकायची, मग पोहे, चहा, गोल करून ओळख, सूचना, ग्रुप फोटो. पहिलं पाऊल पडतं तेव्हा आठ वाजून गेलेले असतात. थंडीत यात काही वावगं नाही. मेअखेरीस मात्र हे जिवावर बेतू शकतं.

हरिश्चंद्रगडाची नळीची वाट घ्या. मुरबाड तालुक्यातल्या बेलपाड्याहून निघायचं, रान ओलांडून कोरड्या ओढ्यात शिरायचं आणि घरांएवढ्या धोंड्यांवरून चढत कोकणकड्याच्या कुशीतल्या नाळेला लागायचं. हजार मीटरहून जास्त चढ आहे. मध्ये दोर लावावा लागतो असे कातळटप्पे आहेत आणि वरच्या अंगाला घसारा. या कड्याचं तोंड पश्चिमेला. म्हणजे सूर्य उगवतो तो कड्याच्या पाठीमागे, आणि सकाळचे कितीतरी तास अख्खी नाळ सावलीत असते. डोंगराने दिलेली ही सवलत आपण पोहे खाण्यात घालवतो.

दुपारी तीच नाळ तापते. आपल्या अक्षांशावर मेच्या मध्याला सूर्य बरोबर डोक्यावर येतो. शाळेतली मुलं शून्य सावलीचा दिवस म्हणून अंगणात काठी रोवून तो बघतात. जूनपर्यंत त्यात फारसा फरक पडत नाही. साडेबाराच्या सुमारास कितीही खोल घळीत उभे राहा, सावली पायाखालीच. काळा बसाल्ट तोवर इतका तापतो की पकडीला हात ठेवून थांबता येत नाही. नाळेत वारा नसतो. कोकणातून वर येणारी हवा दमट, त्यामुळे घाम येतो पण वाळत नाही, आणि वाळला नाही तर अंग गार होत नाही.

मी पेशाने परिचारिका आहे, त्यामुळे पुढचं जरा सविस्तर सांगते. याच वाटेवर मेच्या शेवटी एका दुसऱ्या गटातला मुलगा धोंड्याला टेकून बसलेला दिसला. चोविसेक वर्षांचा, चांगल्या अंगाचा. काळ्या टीशर्टवर मिठाचे पांढरे पट्टे उमटलेले. त्यांचा लीडर म्हणाला, ‘‘काही नाही ताई, दमलाय. ग्लुकोज दिलंय.’’ मी त्याला नाव विचारलं, त्याने सांगितलं. सकाळी कुठून निघालात, विचारलं तर म्हणाला, लोणावळ्याहून. मग एकदम चिडला आणि बूट काढायला लागला. अंग चटका बसावा इतकं तापलेलं. त्याच्या सॅकमध्ये लिटरच्या दोन बाटल्या होत्या, दोन्ही रिकाम्या.

दमलेला माणूस गप्प होतो, पण तो आपलं गाव चुकत नाही. उन्हात बोलणं असंबद्ध झालं, चाल झोकांड्या खायला लागली, माणूस विनाकारण संतापला, की तो उष्माघात समजायचा. घाम थांबायची वाट बघू नका. श्रमाने होणाऱ्या उष्माघातात माणूस घामाने निथळतही असतो. अशा वेळी आधी गार करायचं, मग हलवायचं. आम्ही त्याला धोंड्याच्या पोटातल्या सावलीत निजवलं, टीशर्ट काढला, मान, काखा, जांघा ओल्या केल्या आणि बसायच्या मॅटने वारा घालत राहिलो. त्यासाठी आठ-दहा जणांच्या बाटल्या रिकाम्या झाल्या. ते त्या सगळ्यांचं पुढच्या चढाचं पिण्याचं पाणी होतं. आमच्याबरोबरच्या वाटाड्या मामांनी पुतण्याला वर पिटाळलं. तो कड्यावरच्या झोपडीतून पाण्याचे कॅन घेऊन उतरला, तेव्हा कुठे सगळ्यांचे ओठ ओले झाले. मुलगा सावरला. मामा एवढंच म्हणाले, ‘‘ताई, उन्हं चढायच्या आत माथा गाठायचा. आठला निंघून नाळीत कोन येतं?’’

पावसाळ्यात धबधब्यावर कुणी वाहून गेलं की प्रशासन बंदीचे आदेश काढतं, बातम्या होतात. उन्हाने माणूस पडतो तेव्हा मात्र ‘त्याला सवय नव्हती’ म्हणून विषय संपतो. मला हे मान्य नाही. सवय नसलेल्यांकडून पैसे घेऊनच हे ट्रेक चालतात, तेव्हा त्यांच्या सवयीचा हिशेब आयोजकानेच करायला हवा. राज्याने २०२१ मध्ये साहसी पर्यटनाचं धोरण आणलं, त्यात आयोजकांची नोंदणी आली, सुरक्षेचे निकष आले. माझं म्हणणं आहे, १५ मार्च ते १५ जून या काळात चढाई पहाटे साडेचारच्या आत सुरू व्हावी आणि दुपारी बारा ते चार कुणीही उघड्या कातळावर असू नये, हे त्याच नियमांत घालावं. याला खर्च काहीच नाही. शुक्रवारी रात्रीऐवजी दुपारी निघावं लागेल, एवढंच. ज्यांना सुट्टी मिळत नाही त्यांनी शनिवारी दिवसभर गावात झोपून रविवारी पहाटे चढावं.

लवकर निघण्याला आणखीही कारणं आहेत. मेअखेरीस दुपारनंतर घाटमाथ्यावर वळवाचे ढग जमतात आणि कडकडाट सुरू होतो. तेव्हा धारेवर असू नये. कड्यांना आग्या मोहोळं लटकलेली असतात. धूर, उग्र अत्तर, डोक्यावरून घोंघावणारा ड्रोन, यातल्या कशानेही ती उठतात. आणि दमलेल्या पायांना सगळ्यांत जास्त फसवतो तो घसारा. वाळलेलं गवत आणि सुटा मुरूम यांवरून पाय सरकला की हात आपोआप कारवीकडे जातो. पावसाळ्यात हिरवी कारवी माणसाला तोलून धरते. मेमध्ये तिची वाळकी काटकी कडकन मोडून हातात येते.

पाण्याबद्दल एक गोष्ट आग्रहाने सांगायची आहे. माणशी पाच लिटर पाणी घ्या, आणि ते घरून आणा. नुसतं पाणी ढोसत राहिलं तर अंगातलं मीठ उतरतं, म्हणून सोबत ओआरएस ठेवा, आणि ते पाकिटावर लिहिलंय तेवढ्याच पाण्यात कालवा. पायथ्याच्या गावात मात्र बाटल्या भरू नका. मुंबईला पाणी देणारी भातसा आणि तानसा ही धरणं ज्या शहापूर तालुक्यात आहेत, तिथल्याच पाड्यांवर उन्हाळ्यात टँकर येतो. आजोबा डोंगराच्या पायथ्याचं डेहणे गाव याच तालुक्यातलं. चाळीस जणांच्या बसने तिथे उतरून हंड्यातलं पाणी मागायचं, हे मला सहन होत नाही. गडावरच्या टाक्यांचंही तेच. या दिवसांत टाक्याच्या तळाशी जे पाणी उरतं त्यावर गुरं जगतात, जंगलातली जनावरं जगतात. त्यात उतरून अंघोळ करणाऱ्याला मी तिथेच टोकते, तुम्हीही टोका. पायथ्याच्या लोकांकडून जेवण विकत घ्या, वाटाड्या घ्या, त्याला ठरल्यापेक्षा शंभर रुपये जास्त द्या. आणि तो परत फिरा म्हणाला तर वाद न घालता फिरा.

मृगाचा पाऊस लागेपर्यंत कातळ कोरडा असतो. जरूर जा. ट्रेकचे पैसे भरण्याआधी आयोजकाला फोन करून एकच विचारा, चढायला किती वाजता सुरुवात करणार? साडेचारच्या पुढची कुठलीही वेळ सांगितली, तर पैसे भरू नका.