पहिला नंबर विकणे आहे!

दिवाळीच्या तीन आठवडे आधी, एका शनिवारी सकाळी मामाचा फोन आला. "अरे, आपलं दुकान गूगल मॅपवर पहिलं आलंय. बघ जरा!"

मी अंथरुणातूनच बघितलं. पहिलं तर नव्हतंच, पहिल्या विसातही नव्हतं. मी कोथरूडला राहतो, दुकान नारायण पेठेत. मामाचं चष्म्याचं दुकान, तीस वर्षांचं. आमच्या घरातल्या प्रत्येकाच्या नाकावर त्याचाच चष्मा आहे.

झालं असं, की एका एजन्सीचा मुलगा दुकानात आला. "काका, जीएमबी करून देतो, पहिला नंबर गॅरंटीड," म्हणाला आणि बारा हजार रुपये घेऊन गेला. काम झाल्यावर पुरावा काय दाखवला? दुकानाच्या काउंटरपाशी उभं राहून स्वतःच्या मोबाईलवर 'चष्म्याचं दुकान' शोधलं. आलं पहिलं. येणारच! दुकानात उभं राहून दुकान शोधलं तर दुसरं काय येणार? एकट्याने शर्यत पळायची आणि पहिलं आलो म्हणून पेढे वाटायचे, त्यातला प्रकार.

मला इथे स्पष्टच बोलायचंय. नकाशावरचा पहिला नंबर ही विकता येण्यासारखी वस्तूच नाही. जो ती विकतो, तो एकतर अडाणी आहे किंवा लबाड. बहुतेक दुसराच.

कारण साधं आहे. जवळपासच्या दुकानांचा क्रम कसा लागतो हे गूगलनेच लिहून ठेवलंय. तीन गोष्टी: शोधणाऱ्याला हवंय ते तुमच्याकडे आहे का, तुम्ही त्याच्यापासून किती लांब आहात, आणि तुमचं नाव किती माहितीतलं आहे. यातली दुसरी गोष्ट बघा. अंतर! म्हणजे शोधणारा बदलला की क्रम बदलला. लक्ष्मी रोडवर उभ्या असलेल्या माणसाची यादी वेगळी, हडपसरवाल्याची वेगळी. मग गॅरंटी कुठल्या नंबरची आणि कोणत्या चौकातून बघितल्यावर? आणि पैसे देऊन हा क्रम वर नेता येत नाही, हेही गूगलने तिथेच लिहिलंय. पैसे देऊन मिळते ती जाहिरात. ती वेगळी असते आणि तिच्यावर तसं लिहिलेलं असतं.

बरं, हे लोक अजून 'जीएमबी'च विकतात. गूगल माय बिझनेस हे नाव २०१४चं. २०२१ मध्ये ते बदलून गूगल बिझनेस प्रोफाईल झालं. आणि ते मुळात फुकट आहे.

मग बारा हजारांत केलं काय? मी रात्री बसून सगळं बघितलं.

एक, दुकानाच्या नावापुढे 'बेस्ट ऑप्टिशियन इन पुणे चीप स्पेक्टॅकल्स नियर मी' अशी शेपटी जोडली. पाटीवर जे नाव तेच प्रोफाईलवर, असा नियम आहे. दोन, खोटे रिव्ह्यू. मामाच्या गिऱ्हाईकांत एकाएकी असे पंधरा जण आले ज्यांना 'स्टाफ इज व्हेरी कोऑपरेटिव्ह' वाटलं. मामाकडे स्टाफ नाही. मामा आणि मामीच आहेत. तीन, दुकान चोवीस तास उघडं दाखवलं. आता, नारायण पेठेतलं दुकान! एक ते चार मामा घरी जेवून झोपतो, हे उभ्या पेठेला माहीत आहे. त्या महिन्यातला एकमेव खरा रिव्ह्यू एक स्टारचा होता: 'चोवीस तास लिहिलंय, दुपारी दोनला कुलूप.' फुटलेला चष्मा घेऊन हडपसरहून आलेला माणूस होता तो. त्याचं काय चुकलं?

ऐन दिवाळीच्या आठवड्यात प्रोफाईल सस्पेंड झालं. दुकान नकाशावरून गायब. वर्षानुवर्षं लोकांनी आपणहून लिहिलेले चांगले शब्द, तेही दिसेनात. अपील करता येतं, मंजूर झालं की रिव्ह्यू सहसा परतही येतात. पण अपील करायला ते प्रोफाईल तुमच्या हातात लागतं. ओनर म्हणून ईमेल कुणाचा? त्या मुलाचा. तो म्हणाला, "काका, रिन्यूअलचे पाच हजार होतील."

म्हणजे बारा हजार देऊन मामाने स्वतःच्याच दुकानाची किल्ली परक्याच्या खिशात घातली.

यावर माझे काही मित्र म्हणतात, "अरे, सगळेच करतात. शेजारचा करतो म्हणून आपल्यालाही करावं लागतं." मान्य, शेजाऱ्याचं खोटं नाव कधीकधी महिनोन्महिने चालून जातं. गूगल काही धर्मराज नाही. चूक नसताना प्रोफाईल बंद पडलेलीही आहेत, आणि तिथे गाऱ्हाणं ऐकायला माणूस सापडत नाही. पण पकडलं गेलं तर बुडतं कोण? एजन्सी नव्हे. ती पुढच्या दुकानात बारा हजार मागत असते. बुडतो तो पाटीवर नाव असलेला माणूस.

आणि एक गोष्ट आपण विसरतो. मोठ्या साखळीवाल्याकडे पैसा आहे, जाहिरात आहे, पण नारायण पेठेतल्या आजीच्या घरापासून मामाचं दुकान जितकं जवळ आहे, ते 'जवळ' त्याला तिथे दुकान काढल्याशिवाय मिळत नाही. छोट्या दुकानदाराची ही जमेची बाजू आहे. तीच सोडून अख्ख्या पुण्यात पहिलं यायची स्वप्नं त्याला विकली जातात.

आता खरा राग. तो मला स्वतःवर आहे. मामा शांतपणे एवढंच म्हणाला, "तू कंप्युटरमध्येच आहेस ना रे?" आहे. इंजिनियर आहे. सहा वर्षं लोकांच्या सिस्टीम नीट चालवतोय आणि मामाच्या दुकानाला एक रविवार दिला नाही.

कारण काम खरंच एका रविवारचं आहे. प्रोफाईल दुकानदाराच्या स्वतःच्या ईमेलवर काढायचं. दुसऱ्याला फार तर मॅनेजर करायचं, ओनर कधीच नाही. पाटीवरचंच नाव घालायचं. मुख्य प्रकार नेमका निवडायचा. मामाचं दुकान त्या मुलाने 'सनग्लासेस'मध्ये टाकलं होतं! पिन गल्लीच्या तोंडाशी नको, दाराशी हवी. वेळ खरी लिहायची: दहा ते एक, चार ते साडेआठ. दोन तुकड्यांत लिहायची सोय आहे, पुणेकरांनी निर्धास्त असावं. दुकानाचे, पाटीचे, जिन्याचे फोटो टाकायचे. रिव्ह्यू मागायला हरकत नाही, पण सगळ्यांना मागायचे, आणि पाच स्टारच्या बदल्यात सूट द्यायची नाही. वाईट रिव्ह्यूला उत्तर द्यायचं, वाद घालायचा नाही. एवढंच. पुढचं काम दुकानदाराचं, म्हणजे चष्मा नीट बनवणं.

आम्ही ओनरशिपची विनंती पाठवली. समोरच्याला उत्तर द्यायला तीन दिवस असतात, त्याने दिलं नाही. प्रोफाईल हातात आलं, अपील केलं, दुकान परत दिसायला लागलं. तोवर दिवाळी संपली होती. हडपसरच्या त्या गृहस्थांची मामाने माफी मागितली, तीही मला टाईप करायला लावून.

तुमच्या ओळखीत एखादी गिरणी असेल, टेलर असेल, पोळीभाजी केंद्र असेल. येत्या रविवारी जा आणि फक्त एक प्रश्न विचारा: "तुमचं मॅपवरचं प्रोफाईल कुणाच्या ईमेलवर आहे?" उत्तर 'एका मुलाने करून दिलं' असं आलं, तर चहा मागवा आणि कामाला लागा.