पलीकडे नेण्याची घाई नको

आठवीला 'एकचल समीकरणे' सुरू झाली की जवळपास प्रत्येक वर्गात एक वाक्य कानावर पडते : "पलीकडे नेलं की चिन्ह बदलतं." वाक्य खोटे नाही. पक्षांतराने गणित लवकर सुटते, परीक्षेत वेळ वाचतो. पण नवशिक्याच्या हाती ते आधीच पडले, तर चिन्ह का बदलते हा प्रश्न त्याला पडतच नाही. मग ३क्ष = १२ सोडवताना तो क्ष = १२ − ३ लिहितो; किंवा भागतो खरा, पण उणे ३ ने. त्याने आपण दिलेला नियम इमानाने पाळलेला असतो. चुकलेला असतो तो आपल्या शिकवण्याचा क्रम.

अडचण खरे तर बरोबरच्या चिन्हापासून सुरू होते. पहिलीपासून मुले '=' च्या पुढे उत्तर लिहीत आलेली असतात. ८ + ४ = □ + ५ हे फळ्यावर लिहून पाहा. चौकटीत १२ किंवा १७ भरणारी मुले वरच्या वर्गांतही भेटतात. दोन्ही बाजूंची किंमत एकच आहे हे ज्याला दिसलेले नाही, त्याला दोन्हींतून ३ वजा करायला सांगून काय उपयोग?

तराजूचे चित्र इथे मदतीला येते, मात्र क्ष + ५ = २ पर्यंतच. पारड्यात उणे वजन ठेवता येत नाही. तिथून पुढे मी भास्कराचार्यांच्या 'बीजगणिता'तले उदाहरण सुचवेन. एकाजवळ ६ घोडे आणि रोख ३००. दुसऱ्याजवळ त्याच किमतीचे १० घोडे, पण डोक्यावर १०० चे देणे. दोघांची संपत्ती सारखी, तर एका घोड्याची किंमत किती? ६क्ष + ३०० = १०क्ष − १००. दोघांनाही १०० द्या : दुसऱ्याचे देणे फिटले, पहिल्याजवळ रोख ४०० झाले. आता दोघांचे सहा-सहा घोडे बाजूला काढा. उरले ४०० = ४क्ष; घोडा १०० चा. पडताळा : ६०० + ३०० = ९०० आणि १००० − १०० = ९००. उणे संख्या, दोन्ही बाजूंना चल, सगळे आले आणि 'पलीकडे' काहीच न्यावे लागले नाही. प्रत्येक पायरीला व्यवहारातला अर्थही राहिला.

पडताळा तर आपण फारच स्वस्त करून टाकला आहे. गुण नाहीत म्हणून तो गाळला जातो. वास्तविक उत्तर बरोबर आहे की नाही हे शिक्षकाला न विचारता ठरवण्याची सोय मुलाला इथे पहिल्यांदाच मिळते.

म्हणून विनंती अशी, की या वर्षी प्रकरणाचे पहिले काही तास पक्षांतर हा शब्दच काढू नका. दोन्ही बाजूंवरची क्रिया प्रत्येक ओळीत लिहून घ्या. पायऱ्या गाळायला मुले आपणहून लागतील, तेव्हा नियम त्यांच्याच तोंडून येऊ द्या. आणि वह्यांत सापडलेली चुकलेली उत्तरे, मुलांची नावे न देता, आमच्याकडे जरूर पाठवा.