जरा शुद्ध बोला!

माणसाला दोन गोष्टींचा राग फार लवकर येतो. एक म्हणजे आपलं कोणी ऐकलंच नाही तर, आणि दुसरी म्हणजे ऐकूनही “काय म्हणालात?” असं पुन्हा विचारलं तर. हे दोन्ही राग एकाच डबीत भरून विकायची युक्ती ज्याला सुचली, त्याने बोलून चालणारा मोबाइल काढला. बटणं दाबायची कटकट नाही, अक्षरओळखीची गरज नाही. नुसतं तोंडाने म्हणायचं, की फोन लागतो, गजर लागतो, भजन लागतं. आमच्या केज तालुक्यात ह्या फोनने आतापर्यंत फक्त वाट लागली आहे.

आमच्या आत्याचंच घ्या. तिला अक्षर येत नाही. तिचा थोरला, बापू, दसरा-दिवाळीच्या सुमारास बायकोला घेऊन ऊसतोडीला जातो. नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’; मुकादमाकडून उचल घेतली, की पश्चिम महाराष्ट्र म्हणू नका, कर्नाटक म्हणू नका, कारखाना नेईल तिकडे जायचं. नातू आजीजवळ. बीड जिल्ह्यातल्या गावागावांतलं हे दरसालचं आहे. जाताना बापूने आईच्या हातात फोन ठेवला आणि सांगितलं, “नुस्तं बोल. लागतंय.”

एका रात्री नातवाला ताप भरला. आत्या फोनला म्हणाली, “बापूला फोन लाव.” फोनमधल्या बाईने मंजुळ आवाजात सांगितलं, की महात्मा गांधींचा जन्म २ ऑक्टोबर १८६९ रोजी पोरबंदर येथे झाला.

“आगं बये, त्या बापूला न्हाई, माज्या बापूला!”

“माफ करा, मला समजलं नाही.”

“कामून समजंना? लेकरू तापलंय, मी हितं वरडायले, अन् तू माफी मागायलीस व्हय?”

शेवटी आत्याने मध्यरात्री शेजारचं पोरगं उठवलं, तेव्हा फोन लागला. पोराचा ताप पहाटे उतरला. आत्याचा उतरला नाही. सकाळी तिने तो फोन आणून माझ्यापुढे आदळला आणि म्हणाली, “हिचे कान बघ.”

मी कान पाहायला बसलो. फोनच्या खालच्या बाजूला सुईच्या अग्राएवढं भोक असतं, तोच त्याचा कान. आत्याच्या फोनच्या कानात भाकरीचं पीठ होतं आणि वरून जत्रेतलं फुलाफुलांचं कव्हर. कव्हर काढलं, कोरड्या मऊ ब्रशने पीठ झटकलं. (टाचणी घालू नका, कानाचा पडदा जातो, फोनचाही.) मग सेटिंगमध्ये शिरलो. तिथे मायक्रोफोनची परवानगीच दिलेली नव्हती, असाही प्रकार पुष्कळ फोनांत असतो, ती पाहिली. भाषा इंग्रजीवर होती, ती ‘मराठी (भारत)’ केली. बॅटरी वाचवायची सोय चालू असली की ही बाई डुलकी काढते, म्हणून ती बंद केली. रेंज गेली की काही फोनांना ऐकूच येत नाही, कारण आपलं बोलणं ऐकायला ते दूरच्या संगणकाकडे पाठवतात. म्हणून मराठीचं पॅकेट मिळत असेल तर ते फोनमध्येच उतरवून ठेवायचं, असं ठरवलं. आणि बापूचं नाव कोणा सुशिक्षिताने इंग्रजी अक्षरांत घातलं होतं, ते मराठीत ‘थोरला बापू’ असं केलं. म्हणजे राष्ट्रपित्याला मध्यरात्रीचा त्रास नको.

ह्या सहाही दुरुस्त्या खऱ्या आहेत. वाचकांनी जरूर कराव्यात, फुकट आहेत. त्यांनी आत्याचं निम्मं काम झालं. उरलेल्या निम्म्यासाठी आम्ही तालुक्याला मोबाइलच्या दुकानात गेलो. तिथल्या पोराने फोन हातात घेतला, आत्याचं बोलणं ऐकलं आणि सातवी दुरुस्ती सांगितली.

“फोन ओके आहे, काका. आजीला म्हणावं, जरा शुद्ध बोला.”

तो पोरगा स्वतः “काय करायलाव, लई गर्दी हाय” असं बोलत होता, ही गोष्ट वेगळी. माझं भांडण त्याच्याशी नाहीच. माझं भांडण ह्या सातव्या दुरुस्तीशी आहे. कारण ती फोनची दुरुस्ती नाही, आत्याची आहे.

नीट पाहा. हे यंत्र ऐकायला शिकतं कसं? माणसांची बोलणी ध्वनिमुद्रित करायची, त्यांच्यासमोर ती अक्षरांत लिहायची, आणि अशा जोड्या यंत्राला लाखांनी भरवायच्या. ज्या तोंडची बोलणी भरवली, त्या तोंडचं त्याला कळतं. जे कधी ऐकलंच नाही, त्याच्या जागी ते ऐकलेल्यातलं जवळचं काहीतरी बसवून मोकळं होतं. आत्याच्या ‘कामून’चं ते ‘कमान’ करतं आणि ‘करायले’चं ‘कारले’. यात ते बहिरं नाही. त्याला शिकवायला निघालेला मास्तर बीडपर्यंत आला नाही, एवढंच. पण मास्तर आला नाही म्हणून मार कोणी खायचा? आत्याने!

आणि बीडला ‘शुद्ध बोला’ म्हणून सांगता? मराठीतला आद्य ग्रंथ म्हणून ज्याचं नाव घेतात, तो मुकुंदराजांचा ‘विवेकसिंधु’ ११८८ सालचा. आणि मुकुंदराजांची समाधी परंपरेने दाखवतात ती आमच्या अंबाजोगाईला. त्याच अंबाजोगाईत दासोपंतांनी कागद पुरेना म्हणून की काय, चाळीस फूट लांबीच्या कापडावर पासोडी लिहून काढली. तेव्हा ‘जागा कमी पडली’ ही सबब आम्हाला सांगू नये. ३ ऑक्टोबर २०२४ ला मराठीला अभिजात दर्जा मिळाला तेव्हा आम्हीही पेढे वाटले. आता त्याच मराठीत आम्ही फोन लावायला गेलो, तर “माफ करा, मला समजलं नाही”?

कोणी म्हणेल, बारा कोसांवर भाषा बदलते, यंत्राने कुठवर ऐकायचं? बरोबर. पण माणसं ऐकतच होती ना! पूर्वी पोस्टातून ट्रंककॉल लावायचा, तेव्हा एक्स्चेंजमधला ऑपरेटर खरखरीतूनसुद्धा बीडवाल्याचं आणि मालवणवाल्याचं सारखंच ऐकायचा. वैतागायचा, पण ऐकायचा. आणि बोली गोळा करणं अशक्य असतं, तर पुण्याच्या डेक्कन कॉलेजने आणि राज्य मराठी विकास संस्थेने मराठी बोलींचं सर्वेक्षण केलंच नसतं. त्यांनी गावोगावची माणसं बोलती केली आणि ती बोलणी जपून ठेवली. म्हणजे जायचं ठरवलं की रस्ता सापडतो.

सरकारनेही जुलै २०२२ मध्ये ‘भाषिणी’ नावाचा उपक्रम काढला. त्यात ‘भाषादान’ करता येतं, म्हणजे आपला आवाज देता येतो. मला आनंद झाला. म्हटलं, आत्याचा आवाज देऊन टाकू, गावापलीकडे ऐकू जाईल एवढा आहे. पण तिथल्या ‘बोलो इंडिया’त पडद्यावर वाक्य येतं आणि ते वाचून दाखवायचं असतं! आत्याला वाचता आलं असतं, तर ती फोनशी भांडत कशाला बसली असती? सगळी गंमत इथेच आहे. ज्याला लिहिता-वाचता येतं, त्याला बोलून फोन लावायची हौस आहे, गरज नाही. गरज आहे ती आत्याला. आणि दार उघडलंय ते हौशी मंडळींसाठी.

म्हणून माझी मागणी साधी आहे. आवाज हवेत ना? केजच्या बाजारात या. गाडीअड्ड्यावर या, कारखान्याच्या कोप्यांवर या. वाचायला लावू नका, बोलायला लावा. आणि त्या बोलण्याची मजुरी द्या. ऊस तोडून जिभेला फोड येत नाहीत, ती मोकळीच आहे.

पण मला खरी काळजी वेगळीच वाटते. परवा आत्या फोनसमोर बसून हळूच म्हणत होती, “बापू को फोन लगाव.” जिने उभ्या जन्मात तहसीलदारापुढे बोली बदलली नाही, ती एका डबीपुढे हिंदी बोलत होती! मी विचारलं, तर ओशाळून म्हणाली, “मला मेलीला बोलायाच येत न्हाई रं.”

सत्तर वर्षं गाव जिच्या बोलण्याला बिचकून आहे, तिला बोलता येत नाही! ह्यापुढे कोणी मला ‘फोन ओके आहे’ म्हणून सांगितलं, तर मी तो दुकानाच्या पायरीवर ओके करून दाखवीन.

तूर्त मी फोनच्या पहिल्या पानावर बापूचा फोटो लावून दिलाय. तोंड दाबलं की फोन लागतो. आत्या खूश आहे. पण जुनी खोड जात नाही. काल जेवायला बसताना तिने त्या बाईलाही विचारलं, “जेवलीस का गं?”

“माफ करा, मला समजलं नाही.”

आत्या भाकरी मोडत म्हणाली, “जेवणाचं बी कळंना? मंग शुद्ध बोलून तरी काय उपेग, बाई?”