जुना शिक्का कधी मोडावा?



बिबवेवाडीतल्या एखाद्या गृहनिर्माण सोसायटीने झिजलेला रबरी शिक्का बदलून नवा करून आणला, असे समजा. जुन्याचे काय करायचे? बहुधा तो कपाटात पडून राहतो. उद्या तो भलत्याच्या हाती लागला, तर सोसायटीच्या नावाने खोटी पत्रे निघतील. तेव्हा तो मोडलाच पाहिजे. पण कालच त्या शिक्क्याची खरी पत्रे रवाना झाली आहेत आणि बँकेतला नमुनाही जुन्याच शिक्क्याचा आहे! आजच तो रद्द केला, तर खरी पत्रेही खोटी ठरतील.

इंटरनेटवर नेमका हाच पेच पडतो. तुम्ही शाळेच्या संकेतस्थळाचे नाव टाइप केले, की नेम सर्व्हर नावाचा संगणक त्याचा आकडी पत्ता सांगतो. वाटेत कोणी खोटा पत्ता घुसडू नये, म्हणून उत्तरावर अंकीय स्वाक्षरी करतात. या पद्धतीला डीएनएससेक म्हणतात. गुप्त किल्लीने स्वाक्षरी करायची, जाहीर किल्लीने ती तपासायची. जाहीर किल्लीचा ठसा वरच्या, म्हणजे 'डॉट इन'सारख्या नोंदवहीत असतो. हा झाला बँकेतला नमुना. शिवाय जगभरचे संगणक मिळालेली उत्तरे ठरावीक मुदतीपर्यंत जपून ठेवतात. मुदत ८६,४०० सेकंद असेल, तर पुरा एक दिवस. ही झाली रवाना झालेली पत्रे.

किल्ल्या बदलताना चुकले तर काय होते? १८ जानेवारी २०१२ रोजी अमेरिकेच्या 'नासा'च्या किल्ल्या आणि वरचा नमुना यांचा मेळ बसेना. स्वाक्षरी तपासणाऱ्या कॉमकास्ट कंपनीच्या ग्राहकांना संकेतस्थळ दिसेना. काहींना वाटले, कंपनीनेच ते अडवले!

उलट, सर्व नावांच्या मुळाशी असलेल्या किल्लीची गोष्ट पाहा. २०१० ची ही किल्ली २०१७ मध्ये बदलायची होती. पण जगाची तयारी पुरेशी दिसेना, म्हणून बेत वर्षभर पुढे ढकलला. ११ ऑक्टोबर २०१८ रोजी नवी किल्ली कामाला लागली. जुनी ११ जानेवारी २०१९ रोजी रद्द ठरली आणि २२ मार्चला यादीतून निघाली.

तुम्ही म्हणाल, "जुनी किल्ली राहिली पडून, तर बिघडले कुठे?" मला हे पटत नाही. जाहीर यादीत जुन्या किल्ल्या साचल्या, की उत्तरे जड होतात. आणि प्रत्येक जुनी गुप्त किल्ली म्हणजे राखण करायची आणखी एक वस्तू. बाइंडसारखी सॉफ्टवेअर आता ही साफसफाई आपोआप करतात हे खरे. पण वरचा नमुना बदलला की नाही, हे बहुधा माणसालाच पाहावे लागते.

म्हणून माझे मत असे, की नवी किल्ली बसवणे हे अर्धेच काम होय. आधी वरचा नमुना बदलावा, मुदत संपेपर्यंत थांबावे, जुन्या किल्लीची एकही स्वाक्षरी उरली नाही याची खात्री करावी. मग ती यादीतून काढावी, गुप्त किल्ली नष्ट करावी आणि तारीख वहीत लिहावी.

शिक्का मोडा जरूर; पण शेवटचे पत्र पोचल्यावर!