गोंड पोरांना नुसती मजुरीच का?

ऑक्टोबर २०२३ मध्ये मध्य प्रदेशातल्या छिंदवाड्यातून पांढुर्णा जिल्हा वेगळा झाला. पांढुर्ण्याची विधानसभेची जागा अनुसूचित जमातींसाठी राखीव, तर याच जिल्ह्यातल्या सौंसर तालुक्यात बोरगावला औद्योगिक क्षेत्र आणि रेमंडची कापडगिरणी. तरीही गावातला गोंड तरुण हंगामात संत्री तोडतो आणि एरवी नागपूरच्या बांधकामावर रोजंदारीला जातो. तिथे तो वर्षानुवर्षे विटाच उचलतो. वायरिंग किंवा वेल्डिंग करणारा मात्र दुसराच कोणी असतो.

कायदा नाही असे नाही. शिकाऊ उमेदवार कायदा १९६१ चा आहे. तीस किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनेने मनुष्यबळाच्या किमान अडीच टक्के शिकाऊ उमेदवार घ्यायचेच आहेत आणि त्यांत अनुसूचित जमातींसाठी जागा राखायच्या आहेत. मध्य प्रदेशच्या 'सीखो-कमाओ' योजनेत आयटीआय झालेल्याला महिना साडेआठ हजार रुपये विद्यावेतन ठरले. बारावीवाल्याला आठ हजार. पण दहावीतच शाळा सुटलेल्या मुलाने काय करावे? आयटीआयच्या अनेक ट्रेडना दहावी लागते. म्हणजे खरी गळती कारखान्याच्या फाटकाआधीच होते. घरी गोंडी, बाजारात मराठी आणि वर्गात हिंदी, या ओढाताणीचा विचार तर अभ्यासक्रम आखणारे क्वचितच करतात.

जिल्हाधिकाऱ्यांनी दरवर्षी कारखानानिहाय आकडे जाहीर करावेत: किती शिकाऊ घेतले, त्यांत आदिवासी किती, पुढे कायम किती झाले. आणि दूरच्या पाड्यांतल्या मुलांसाठी आयटीआयलगत वसतिगृह हवे. रोजचे बसभाडे परवडत नाही, म्हणून पोरे अभ्यासक्रम अर्ध्यावर सोडतात.